रिगाला निघालेल्या मुलीसाठी: बाल्टिक देशांचा इतिहास एकच आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी लाटव्हियात, रिगाला चालली आहे. नकाशावर एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया ही तीन इवलीशी राष्ट्रं शेजारी शेजारी दिसतात. यांचा इतिहास एकच आहे का? मग ती एकत्र का आली नाहीत? लिथुआनियन भाषा संस्कृतातून निघाली, असं जे सगळीकडे फिरतं, ते खरं का? आणि तिथे राहताना तिने बोलण्यात काय जपावं?

युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. या तीन देशांत पाच वेळा जाणं झालं. त्यामुळे या विषयावर लिहायला बसलो की हात आवरत नाही. उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी भाषेचं बघू, कारण गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. लिथुआनियन आणि लाटव्हियन या सख्ख्या बहिणी. तिसरी बहीण, जुनी प्रशियन भाषा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. एस्टोनियन मात्र वेगळ्याच घरची आहे. ती फिनिशची बहीण आणि हंगेरियनची दूरची नातलग. इंडो-युरोपीय कुळाशी तिचा संबंध नाही. लाटव्हियन आणि एस्टोनियन माणूस एकमेकांसमोर बसले आणि दोघांनी आपापली भाषा बोलायची ठरवली, तर मराठी आणि तमिळ माणसांसारखी त्यांची गत होईल.

लिथुआनियनमध्ये मुलाला ‘सूनुस’ म्हणतात, आपल्याकडे संस्कृतात ‘सूनुः’. अग्नी म्हणजे ‘उग्निस’, धूर म्हणजे ‘दूमास’, मेंढी म्हणजे ‘आविस’, स्वप्न म्हणजे ‘साप्नास’, ‘कोण’ला ‘कास’. त्यांची एक म्हण आहे: ‘दिएवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस’. देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. दिएवास म्हणजे देव, दांतिस म्हणजे दंत, क्रियापद ‘दा’ धातूचं, आणि दुओना म्हणजे भाकरी, जिचं नातं आपल्या ‘धाना’शी. ‘चोच दिली तो चारा देईल’ हे त्यांनी असं म्हटलंय. पहिल्यांदा ही म्हण ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पण म्हणून लिथुआनियन संस्कृतातून निघाली असं होत नाही. दोन्ही भाषा एकाच फार जुन्या मूळ भाषेच्या दूरदूर गेलेल्या शाखा आहेत. लिथुआनियनने जुनी रूपं जास्त राखली, म्हणून साम्य इतकं उठून दिसतं. आई-लेकीचं नातं आणि चुलत बहिणींचं नातं यांत फरक आहे, तो कुणी पुसू नये. गंमत म्हणजे परक्या कुळातल्या एस्टोनियनमध्येही शंभरला ‘सादा’ म्हणतात. हा शब्द हजारो वर्षांपूर्वी ‘शत’च्या घराण्यातून उसना गेला आहे.

आता इतिहास. माझं म्हणणं स्पष्ट सांगतो: विसाव्या शतकापर्यंत या प्रदेशाचा इतिहास एक नव्हताच. तो दोन होता. आणि दोघांमधली रेघ आजच्या लाटव्हिया-लिथुआनिया सीमेच्या आसपास, तेराव्या शतकात पडली.

तेव्हा हा सगळा भाग ख्रिस्ती झालेला नव्हता. जर्मन व्यापारी आणि त्यांच्यामागोमाग धर्मयोद्धे समुद्रमार्गे आले. बिशप आल्बर्टने 1201 मध्ये रिगा शहर वसवलं. दुसऱ्या वर्षी तलवारबंधूंचा योद्धासंघ उभा राहिला. डेन्मार्कच्या राजाने 1219 मध्ये ताल्लिनची, म्हणजे एस्टोनियाच्या आजच्या राजधानीची, टेकडी घेतली. ‘ताल्लिन’ या नावाचा अर्थच ‘डेनांचं शहर’ असा लावतात. पुढच्या काही दशकांत आजचा एस्टोनिया आणि लाटव्हिया जिंकला गेला. जर्मन बोलणारे जमीनदार, पाद्री आणि व्यापारी वर बसले, एस्ट आणि लाटव्हियन शेतकरी खाली गेले. ही उतरंड जवळजवळ सातशे वर्षं टिकली. 1721 मध्ये तर एस्टोनिया आणि रिगासह उत्तर लाटव्हिया स्वीडनकडून रशियाच्या झारकडे गेला, आणि लाटव्हियाचा पश्चिम भाग 1795 मध्ये. पण धनी बदलला तरी वाड्यातला जमीनदार तोच राहिला, कारण प्रत्येक नव्या राज्यकर्त्याने त्याचे हक्क मान्य केले.

लिथुआनियाचं वळण उलटं आहे. 1236 मध्ये साउले इथे तिथल्या टोळ्यांनी तलवारबंधूंचा असा पराभव केला की तो संघच मोडला आणि उरलेले दुसऱ्याच वर्षी ट्यूटॉनिक संघात, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या दुसऱ्या मोठ्या संघात, सामील झाले. मग मिंडाउगासने टोळ्या एकत्र केल्या आणि 1253 मध्ये राज्याभिषेक करून घेतला. जिथे एस्ट आणि लाटव्हियन पूर्वजांना स्वतःचं राज्य उभारायची उसंतच मिळाली नाही, तिथे लिथुआनियनांनी साम्राज्य उभारलं. पुढचा राज्यकर्ता गेडिमिनास याच्या 1323 च्या पत्रांत विल्नियसचा, आजच्या राजधानीचा, पहिला उल्लेख सापडतो. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, व्हिटाउटासच्या काळात, ही सत्ता बाल्टिकपासून काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पसरली होती. आणि हे लोक युरोपात सर्वांत उशिरा ख्रिस्ती झाले. लिथुआनियाचा राज्यकर्ता योगायला याने पोलंडची राणी याद्विगा हिच्याशी लग्न करून पोलंडचं सिंहासन मिळवलं, त्याबदल्यात 1387 मध्ये लिथुआनियाला बाप्तिस्मा मिळाला.

लग्नाचं हे नातं पुढे 1569 मध्ये लुब्लिनच्या कराराने एका संयुक्त राज्यात बदललं. इथे लिथुआनियाचं एक मोठं दुःख आहे, आणि मला ते नेहमी जाणवतं. राज्य राहिलं, पण भाषा हरवली. दरबाराची भाषा आधी रुथेनियन, म्हणजे आजच्या बेलारूस-युक्रेनकडची जुनी स्लाव्हिक भाषा, होती, नंतर पोलिश झाली. सरदार घराणी पोलिश बोलू लागली आणि लिथुआनियन शेतात उरली. पोलंडचा राष्ट्रकवी मित्सकिएविच आपल्या महाकाव्याची सुरुवात ‘लिथुआनिया, माझ्या मायभूमी’ अशी करतो, आणि ते वाक्य पोलिश भाषेत आहे. या एका ओळीत तिथली गुंतागुंत सामावली आहे.

म्हणून पाहा: एका बाजूला लुथरचा प्रोटेस्टंट पंथ, जर्मन गॉथिक शहरं आणि कधीच राज्य नसलेले शेतकरी; दुसऱ्या बाजूला कॅथॉलिक चर्च, बरोक विल्नियस आणि गमावलेल्या साम्राज्याची आठवण. तुमची मुलगी बसने रिगाहून विल्नियसला गेली तर चार तासांत हा फरक तिला इमारतींवरच दिसेल. लाटव्हियाचा पूर्वेचा लाटगाले भाग मात्र पोलंडकडे राहून 1772 मध्ये रशियाकडे गेला, म्हणून तो आजही कॅथॉलिक आहे. इतिहासाची रेघ देशाच्या सीमेवरून सरळ जात नाही, ती अशी आत शिरते.

एकोणिसाव्या शतकाविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण ही राष्ट्रं खऱ्या अर्थाने तिथे जन्मली.

एस्टोनिया आणि लाटव्हियाच्या किनारी प्रांतांत भूदासपण 1816 ते 1819 या काळात संपलं. शेतकरी मोकळा झाला, पण जमीन मालकाकडेच राहिली. लुथरन चर्चमुळे लिहायला-वाचायला मात्र येत होतं. बायबल लाटव्हियनमध्ये 1689 मध्ये, तर एस्टोनियनमध्ये 1739 मध्ये छापलं गेलं. साक्षरतेत हे प्रांत रशियन साम्राज्यात अग्रभागी होते. या वाचत्या शेतकऱ्यांच्या मुलांतून शिक्षक, लेखक, संपादक निघाले. त्यांच्याकडे राजे नव्हते, लढाया नव्हत्या, किल्ले परक्यांचे होते. मग ‘आम्ही कोण’ याचं उत्तर त्यांनी गाण्यात शोधलं.

लाटव्हियात ‘दाइना’ नावाचा गीतप्रकार आहे. बहुतेक चार ओळींचा, बायकांनी म्हटलेला, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला. सूर्य तिथे स्त्री आहे, तिला मुली आहेत. माहेर, सासर, अनाथ मूल, मधमाशा, ओक वृक्ष, मृत्यू, सगळं त्यात येतं. आणि जात्यावर दळताना म्हणायच्या दाइना वेगळ्या आहेत! ज्याने आपल्या आजीच्या तोंडून ओवी ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. क्रिश्यानिस बारोन्स या माणसाने मॉस्कोत नोकरी करता करता गावोगावच्या लोकांनी पाठवलेल्या या दाइना चिठ्ठ्यांवर उतरवून वर्गवार लावायला घेतल्या. चिठ्ठ्या मावेनात, तेव्हा 1880 मध्ये सत्तर खणांचं एक खास कपाट करून घेतलं. 1894 ते 1915 या काळात सहा खंड निघाले, त्यांत 2 लाख 17 हजारांहून जास्त गीतं आहेत. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्या कामाची मला इथे नेहमी आठवण येते. बारोन्सचं ते कपाट आज रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मुलीला पहिल्याच महिन्यात तिथे जाऊ दे.

गाणी नुसती जमवली नाहीत, ती एकत्र गायली. एस्टोनियाचा पहिला गीतोत्सव 1869 मध्ये तार्तूला भरला, भूदासपण संपल्याला पन्नास वर्षं झाल्याच्या निमित्ताने. लाटव्हियाचा 1873 मध्ये रिगाला. लिथुआनियात मात्र तो 1924 मध्ये कौनासला सुरू झाला, इतका उशिरा. का? कारण त्या काळात लिथुआनियन लोक वेगळ्याच लढाईत होते.

रशियाविरुद्धचा 1863 चा उठाव चिरडल्यावर झारच्या सरकारने लिथुआनियन भाषा लॅटिन लिपीत छापायला बंदी घातली. छापायचं तर रशियन लिपीत. ही बंदी 1864 पासून 1904 पर्यंत, पूर्ण चाळीस वर्षं चालली. लोकांनी ती लिपी घरात घेतली नाही. सीमेपलीकडे, जर्मनांच्या पूर्व प्रशियात, टिल्सिटसारख्या गावांत लिथुआनियन पुस्तकं छापली जायची आणि रात्री पाठीवर पोती घेऊन माणसं ती सीमेपार आणायची. त्यांना ‘क्निग्नेशिस’, पुस्तकवाहक, म्हणतात. सापडला तर सैबेरिया, आणि गस्तवाल्याची गोळीही लागू शकायची. पोत्यात काय असायचं? प्रार्थनापुस्तकं, अंकलिपी, पंचांगं, आणि 1883 नंतर ‘आउश्रा’ म्हणजे ‘पहाट’ नावाचं नियतकालिक. शाळा घरातच भरायची. त्या काळाचं एक प्रसिद्ध शिल्प आहे, शिल्पकार पेत्रास रिमशा: आई चरख्यावर सूत काततेय आणि शेजारी उभ्या लेकराला पुस्तक वाचायला शिकवतेय. 16 मार्च हा तिथे आजही पुस्तकवाहकांचा दिवस म्हणून पाळतात. गोव्यात 1684 मध्ये पोर्तुगीजांनी कोकणीवर बंदी आणली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा दिवस परका वाटणार नाही.

पहिल्या महायुद्धात रशियन आणि जर्मन अशी दोन्ही साम्राज्यं कोसळली आणि तिघांनीही 1918 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं: लिथुआनियाने 16 फेब्रुवारीला, एस्टोनियाने 24 फेब्रुवारीला, लाटव्हियाने 18 नोव्हेंबरला. तेव्हाच एकत्र का झाले नाहीत, हा तुमचा प्रश्न इथे येतो. बोलणी झाली होती, फिनलंड आणि पोलंडलाही धरून मोठी आघाडी करायचा विचार होता. फिनलंडला त्या काळात बाल्टिक देशांतच मोजत, हे आज कुणाला आठवत नाही. पण ऑक्टोबर 1920 मध्ये पोलिश फौजेने विल्नियस घेतलं आणि लिथुआनियाने पोलंडशी 1938 पर्यंत राजनैतिक संबंधच ठेवले नाहीत. कौनास ही ‘तात्पुरती राजधानी’ झाली. एस्टोनिया आणि लाटव्हियाला मात्र पोलंडशी भांडायचं नव्हतं. तिघांचा एकत्र करार व्हायला 1934 साल उजाडलं, आणि तोवर तिन्ही देशांत लोकशाही जाऊन एकाधिकारशाही आली होती. मुळात ज्यांनी आपापली भाषा वाचवून राष्ट्र उभं केलं, त्यांनी स्वातंत्र्य मिळताच ती भाषा दुसऱ्याच्या राज्यात कशाला विरघळू द्यावी? एकत्र न येण्याचं मला वाटतं हेच मूळ कारण.

त्यांना एका नावाखाली आणलं ते 23 ऑगस्ट 1939 या तारखेने. हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मॉस्कोत अनाक्रमणाचा करार केला आणि त्याच्या गुप्त कलमांत हे देश आपसात वाटून घेतले. जून 1940 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, ऑगस्टमध्ये तिन्ही देश सोव्हिएत संघात घातले गेले. 14 जून 1941 च्या रात्री दारं ठोठावली गेली आणि तिन्ही देशांतून मिळून 40 हजारांहून अधिक माणसं, लेकराबाळांसह, मालगाड्यांत भरून पूर्वेला नेली. मार्च 1949 मध्ये पुन्हा तेच, या वेळी 90 हजारांहून अधिक.

या दोन्हींच्या मधली तीन वर्षं जर्मनांची. या काळाविषयी तिथे बोलणं अवघड जातं, पण ते टाळून इतिहास सांगता येत नाही. विल्नियसला ‘लिथुआनियाचं जेरुसलेम’ म्हणत, इतकं ते ज्यू विद्येचं मोठं केंद्र होतं. लिथुआनियातल्या दोन लाखांच्या आसपास ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मारले गेले, बरेचसे विल्नियसजवळच्या पानेरियाईसारख्या जंगलांत गोळ्या घालून. रिगाजवळ रुम्बुलाच्या जंगलात 1941 च्या 30 नोव्हेंबर आणि 8 डिसेंबर या दोन दिवसांत सुमारे 25 हजार माणसं मारली. या हत्यांत स्थानिक लोकही सामील होते. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग मित्र हर्मन कॅलनबाख याच लिथुआनियन ज्यू समाजातले. टॉल्स्टॉय फार्मची जमीन त्यांनी दिली होती. लिथुआनियात रुस्ने या गावी आता दोघांचा पुतळा आहे, नदीकाठी शेजारी शेजारी उभे.

सोव्हिएत काळात कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या प्रजासत्ताकांतून कामगार. लाटव्हियात युद्धाआधी तीन-चतुर्थांश असलेले लाटव्हियन 1989 मध्ये 52 टक्क्यांवर आले. एस्टोनियात 88 टक्के एस्ट होते, ते 61 टक्क्यांच्या आसपास उरले. लिथुआनियात लिथुआनियन 80 टक्के राहिले. हे आकडे नीट लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही यातून समजतं.

गीतोत्सव सोव्हिएत सत्तेने बंद केले नाहीत, आपल्या रंगात रंगवले. पण 1960 मध्ये ताल्लिनच्या मैदानावर लोकांनी परवानगी नसताना कोइडुला या कवयित्रीचं मातृभूमीवरचं गाणं उभं राहून म्हटलं. 1988 च्या उन्हाळ्यात त्याच मैदानावर रात्र-रात्र गाणी चालली. आणि 23 ऑगस्ट 1989 रोजी, त्या कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, संध्याकाळी सात वाजता ताल्लिनपासून रिगामार्गे विल्नियसपर्यंत 600 किलोमीटरहून लांब मानवी साखळी उभी राहिली. तिन्ही देशांची लोकसंख्या तेव्हा 80 लाखांच्या घरात, आणि साखळीत सुमारे 20 लाख माणसं. तीन भाषा, दोन पंथ, दोन वेगळे इतिहास, आणि हातात हात. माझ्या लेखी ‘बाल्टिक’ हे नाव त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः स्वीकारलं. त्याआधी ते बाहेरच्यांनी दिलेलं होतं. त्याच डिसेंबरमध्ये मॉस्कोने गुप्त कलमं खरी असल्याचं मान्य केलं.

लिथुआनियाने 11 मार्च 1990 ला स्वातंत्र्य जाहीर केलं. 13 जानेवारी 1991 ला विल्नियसच्या दूरदर्शन मनोऱ्यापाशी नि:शस्त्र जमावावर रणगाडे आले, 14 जण गेले. त्याच महिन्यात रिगाच्या जुन्या गल्ल्यांत लोकांनी ट्रक आणि लाकडाचे ओंडके आडवे लावून शेकोट्यांभोवती रात्री काढल्या. ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्हला हटवायचा कट फसला आणि तिन्ही देश सुटले. 2004 मध्ये नाटो आणि युरोपीय संघ, मग युरो: एस्टोनियाने 2011 मध्ये, लाटव्हियाने 2014 मध्ये, लिथुआनियाने 2015 मध्ये. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी रशियाच्या वीजजाळ्याशी असलेला शेवटचा सांधाही तोडला.

आता मुलीने काय जपावं. ‘हा भाग पूर्वी रशियाचा होता ना’, असं सहज बोलून जाऊ नये. ते म्हणतात की देश 1918 पासून आहे आणि मध्ये तो परक्यांच्या ताब्यात होता. नागरिकत्वाचा कायदाही त्याच भूमिकेतून आला: लिथुआनियाने तिथे राहणाऱ्या सगळ्यांना नागरिकत्व देऊ केलं, पण लाटव्हिया आणि एस्टोनियाने 1940 आधीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांनाच ते आपोआप दिलं. बाकीच्यांना भाषेची परीक्षा. लाटव्हियात सुरुवातीला सात लाखांच्या आसपास माणसं ‘अनागरिक’ ठरली. वर दिलेले टक्के पाहिले की लाटव्हियनांची भीती समजते. पण ज्याचा जन्म रिगात झाला, ज्याला दुसरं घर नाही, अशा रशियन बोलणाऱ्या माणसाचं दुखणंही खरं आहे. 2020 पासून अनागरिकांच्या नवजात मुलांना थेट नागरिकत्व मिळतं, हे चांगलं झालं. तुमच्या मुलीच्या वर्गात, दवाखान्यात, बसमध्ये दोन्ही घरांतली माणसं असतील. रुग्णांत रशियनच बोलणाऱ्या आज्या भेटतील. तिने लाटव्हियन मनापासून शिकावी, आणि त्या आजीशी चार शब्द तिच्या भाषेत बोलावे. दोन्ही जमतं, मी तिथल्या तरुण डॉक्टरांना असं करताना पाहिलंय.

ग्रंथालयाचं एक सांगायचं राहिलं. जानेवारी 2014 मध्ये नव्या इमारतीत पुस्तकं न्यायची वेळ आली तेव्हा कडाक्याच्या थंडीत रिगाचे हजारो लोक रांगेने उभे राहिले आणि जुन्या इमारतीतली पुस्तकं हातोहात नदीपलीकडे पोचवली. आपली ग्रंथदिंडी आणि त्यांची साखळी, दोन्ही एका वेळी डोळ्यांसमोर आली होती माझ्या.

आणि जूनमध्ये, 23 तारखेच्या रात्री, तिला कुणी तरी आपल्या गावी नक्की नेईल. त्या रात्री लाटव्हियात कुणी झोपत नाही. डोक्यावर ओकच्या पानांचा नाहीतर रानफुलांचा मुकुट, शहाजिऱ्याचं चीज, सकाळपर्यंत शेकोटी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘लीगो, लीगो’ म्हणत दाइना. पाहुण्यालाही तुमच्याकडचं काही म्हणा असा आग्रह होतो. निघण्याआधी तिला आजीपाशी बसवून दोन-चार ओव्या चालीसकट पाठ करून घ्या.